टोपीखालचा काटा

३ एप्रिल

वन्सं,

हे पत्र तुमच्या एकटीसाठी आहे. तुमच्या दादांना मी सांगितलंय की स्वेटरच्या गळ्याचे टाके विचारतेय. तेव्हा उत्तरात चार ओळी टाक्यांवरही लिहा, वाचून दाखवायला होतील. फोनवर तुम्हाला एक अक्षर ऐकू येत नाही, म्हणून हा सगळा खटाटोप.

भावोजी गेल्यावर तुम्ही तुमची ती फिरत्या घराची गाडी, तुमचं कासव, आम्हाला दिलंत, तेव्हा मला वाटलं होतं, एवढ्याशा गाडीत पलंग, शेगडी, फ्रिज आणि आम्ही दोघं, भांडायला जागा कुठे मिळणार? मिळते हो, भरपूर मिळते. मला स्टिअरिंगला हात लावू देत नाहीत. भावोजींनी आपल्या दोघींना याच गाडीवर मैदानात चालवायला शिकवलं होतं, ते ह्यांना आठवतच नाही म्हणे.

तुम्हाला तर ठाऊकच आहे. तीस वर्षं ह्यांनी बस घाटाच्या पायथ्यापर्यंत नेली आणि तिथूनच वळवून परत आणली. एकदाही वर गेले नाहीत. निवृत्त झाल्यापासून एकच धोशा, पलीकडे काय आहे ते बघायचं. रस्त्याच्या कामासाठी घाट पंचवीस तारखेपासून बंद होतोय आणि पुन्हा कधी उघडेल ते कुणी सांगत नाही. ह्यांचं वय, ह्यांची साखर बघता यंदा नाही तर कधीच नाही. म्हणून मी कंबर कसलीय.

आता मुद्द्याचं. मागची बॅटरी थकलीय. फ्रिज फक्त तिच्यावरच चालतो, आणि फ्रिजमध्ये ह्यांच्या इन्सुलिनच्या बाटल्या. गेल्या आठवड्यात दोनदा फ्रिज बंद पडलेला सापडला. भर दुपार, गाडी उन्हात, खिडक्या बंद, आत नुसती भट्टी. बाटल्या चांगल्याच तापल्या होत्या. मी त्या परत गार केल्या आणि ह्यांना काही बोलले नाही. बोलले असते तर "चल, मागे फिरू" म्हणाले असते आणि जन्मभर माझ्यासमोर बसून सुस्कारे टाकले असते. ते मला नको.

वीज वाचवायची एक युक्ती मला सापडलीय. काय ते सांगत नाही, तुम्ही हसाल. पण आता फ्रिज चालू राहतो.

हे मजेत आहेत. भावोजींनी समोर ती काट्यांची घड्याळं बसवलीत ना, त्यातल्या एकावर आपली टोपी अडकवून ठेवतात. डोक्यावर घालायची सोडून! विचारलं तर म्हणतात, ड्रायव्हरची जागा, ड्रायव्हरची टोपी.

उत्तर पायथ्याच्या पोस्टात पाठवा. ह्यांना यातलं काही कळता कामा नये.

तुमची वहिनी


५ एप्रिल

ठमे,

साठीला आलीस तरी माझ्यासाठी ठमीच. तुझ्या वहिनीला वाटतंय मी चाकात हवा भरून घेतोय. पेट्रोल पंपाच्या बाकावर बसून लिहितोय, अक्षर समजून घे.

तुझ्या घड्याळजी नवऱ्याने गिअरबॉक्सच्या तेलाची उष्णता दाखवणारा जो काटा बसवलाय, तो हल्ली लाल रंगाच्या तोंडाशी जाऊन बसतो. साधा पूल चढला तरी. मी त्यावर टोपी अडकवून ठेवलीय. तुझ्या वहिनीने तो पाहिला तर जागच्या जागी गाडी वळवायला लावेल. तिच्याकडे बघतो तेव्हा वाटतं, ही माझ्यासाठी एवढी निघालीय, हिचा हिरमोड कशाला करू?

गाडी मी जपूनच चालवतो. माझी पद्धत तुला माहीत आहे, इंजिन ओरडता कामा नये. या गाडीत क्लच नाही, गिअर आपापले पडतात. लिव्हरवरचं ते ओव्हरड्राइव्हचं बटण मी कायम चालू ठेवतो, म्हणजे वरचा गिअर पडून राहतो आणि इंजिन निवांत. तीस वर्षांत माझ्या हातून एक इंजिन गेलं नाही.

पूर्वी गाडी थांबवली की खालून एक पंखा बराच वेळ फिरत राहायचा. हल्ली तोही गप्प असतो. म्हणजे तेल थंड आहे असंच ना? मग काटा का चढतो?

आणि हे तर कुणालाच नको सांगू. लांबच्या पाट्या मला पुसट दिसतात. चष्मा जुना झाला असणार. पलीकडे पोचलो की नवा करीन. रस्ता दिसतो, पाट्या वाचून काय करायचंय?

तुम्ही दोघं या गाडीने घाट चढलेले आहात. तेल बदलू का, काय करू ते सांग. वहिनीला यातलं काही सांगशील तर तुला आईची शपथ आहे.

दादा


१० एप्रिल

दादा,

आधी ती टोपी काढ.

तुझी बस वेगळी आणि कासव वेगळं. बसमध्ये क्लच घट्ट धरतो. इथे इंजिन आणि चाकं यांच्यामध्ये नुसतं तेल आहे. वरचा गिअर ठेवून चढ चढलास की इंजिन निवांत राहतं, पण ते तेल जागच्या जागी घुसळत राहतं आणि तापतं. तू इंजिन वाचवतोयस आणि गिअरबॉक्स जाळतोयस. घड्याळजी म्हणायचे, घाटात इंजिनाला खुशाल ओरडू द्यावं. ओव्हरड्राइव्ह बंद, लिव्हर दोनवर. मला तर ओरडणं ऐकूच यायचं नाही. सीट थरथरायला लागली की मी समजायचे, गाडी बरोबर चाललीय.

पंखा गप्प म्हणजे तेल थंड, हे तुला कुणी सांगितलं? तो पंखाच तेल थंड करतो. गाडी थांबली तरी तेल निवेपर्यंत फिरत राहतो, घड्याळजींनी मुद्दाम तसा बसवलाय. पुढची बॅटरी उतरू नये म्हणून त्याची तार मागच्या बॅटरीला जोडलीय. तो गप्प असेल तर बंद पडलाय. तुझ्या पायाशी फ्यूजची पेटी आहे, तिच्यात खालच्या रांगेतला डावीकडचा शेवटचा फ्यूज बघ.

आणि डोळ्यांचं वहिनीला सांग. चष्मा असा एकाएकी जुना होत नसतो. तुला शपथा घालायला काय जातं, इथे मला घास गिळवत नाही.

ठमी


१० एप्रिल

वहिनी,

आधी टाके, मोठ्याने वाच: गळ्याला दोन्ही बाजूंनी सारखे टाके कमी कर, घाई करू नको, उसवायला लागेल. झालं वाचून? आता बाकीचं मनातल्या मनात वाच.

कोपऱ्यावरच्या औषधवाल्याला मी विचारलं. तो म्हणतो, तापलेलं इन्सुलिन परत गार केलं म्हणून परत चांगलं होत नाही. बाटल्या उजेडात धरून बघ. आत कण दिसले तर फेकून दे आणि नव्या घे. दादा पाणी जास्त पितो का, सारखा उठतो का, ते लिही.

माझ्या भावाला तू गाडीत बसवून नेतेयस की तो तुला, हे मला कळेनासं झालंय. तुझं गुपित मी राखलंय, पण तू त्याला स्वतः सांग. आणि ती युक्ती काय आहे? मी हसणार नाही, अगदी खरं.

ठमी


१५ एप्रिल

ठमे,

फ्यूज बघितला, जागच्या जागी आहे. म्हणजे पंख्याला काही झालेलं नाही. मला वाटतं काटाच बिघडलाय. घड्याळजी माणूस, बसवणार काय तर घड्याळच, आणि घड्याळं कधीकधी पुढे धावतातच की.

तुझ्या म्हणण्याप्रमाणे एका चढावर बटण बंद केलं. इंजिन असं केकाटलं की तुझी वहिनी हातातलं विणकाम टाकून माझ्याकडे बघायला लागली. परत चालू केलं. असला आवाज मला सहन होत नाही, हाताखालचं जनावर ओरडल्यासारखं वाटतं.

आम्ही आता पायथ्याला आलोय. माझी बस जिथे वळायची, त्याच चौकात गाडी उभी आहे. चहावाल्याने ओळखलं. म्हणाला, आज बस कुठे सोडली? कामाच्या दगडांनी वरचा रस्ता अडलाय, चोवीसला मोकळा करणार आहेत, त्याच सकाळी चढायचं. आता तू काहीही लिहिलंस तरी मी चढणार आहे.

दादा


१६ एप्रिल

वन्सं,

बाटल्या उजेडात धरल्या. काचेला आतून पिठासारखे कण चिकटतात, हलवलं की निघून जातात. म्हणून मी नीट हलवून देते. इथल्या दुकानात ह्यांचं इन्सुलिन नाही, मागवलंय, पण ते पंचवीस तारखेनंतर येणार. पलीकडच्या गावात मोठा दवाखाना आहे, तिथे मिळेलच. पाणी पितात, हो, तांब्यावर तांब्या. उन्हाळा आहे, मीही पिते.

युक्ती सांगते. गाडी थांबली तरी खालून एक पंखा फिरत राहायचा आणि मागच्या बॅटरीचा काटा खाली खाली यायचा. म्हटलं, उभ्या गाडीला पंखा कशाला? वारा कुणाला घालतोय? पेटीतले फ्यूज एकेक काढून बघितले, त्याचा सापडला आणि ठेवला काढून. रिकामी जागा ह्यांच्या डोळ्यांत येईल म्हणून तिथे एक जळका फ्यूज बसवून टाकला. चांगला माझ्या बटणांच्या डबीत आहे. परवा हे पेटीत डोकं घालून बघत होते, पण ह्यांना पत्ता लागला नाही! ड्रायव्हरला मी फसवलं. हसलात ना?

चोवीसला निघतो. ह्यांचा चेहरा बघायला तुम्ही इथे हव्या होतात. चौकात उभे राहून वरच्या रस्त्याकडे बघत राहतात, शाळेच्या सहलीला निघाल्यासारखे.

तुमची वहिनी


२० एप्रिल

(पाकिटावर: दोघांनी मिळून उघडा. एकट्याने उघडू नये.)

दादा आणि वहिनी,

मी दोघांचाही शब्द मोडतेय. आईची शपथही मोडतेय. नंतर काय बोलायचं ते बोला, आधी वाचा.

वहिनी, टोपीखालचा काटा गिअरबॉक्सच्या तेलाचा आहे. तो लाल रंगाला भिडतोय आणि दादाने तुझ्यापासून लपवलाय. दादाला लांबचं दिसत नाही, हेही लपवलंय.

दादा, पेटीतला फ्यूज जळका आहे. पंखा फ्रिजची वीज खातो म्हणून वहिनीने चांगला काढून बटणांच्या डबीत ठेवलाय. आणि तुझं इन्सुलिन दोनदा तापून खराब झालंय. औषधवाल्याला मी वहिनीचं पत्रच दाखवलं. तो म्हणाला, ह्यांची साखर आभाळाला टेकली असेल, म्हणून तहान आणि म्हणूनच डोळ्यांपुढे धूसर. चष्म्याचा काही संबंध नाही. असा माणूस स्टिअरिंगवर बसता कामा नये.

तुम्ही दोघं एकमेकांना जपता जपता एकमेकांच्या जिवावर उठलायत. गरम तेल उकळून बाहेर आलं आणि धुराच्या तापलेल्या नळीवर पडलं तर गाडी पेटते. घड्याळजींनी ते एकदा दुसऱ्याच्या गाडीचं बघितलं होतं, त्यानंतरच तो पंखा बसवला.

घाटावर लाथ मारा. अर्ध्यात असाल आणि काटा चढलाच, तर गाडी बाजूला घ्या. धूर किंवा गळती असेल तर इंजिन बंद करून लांब जाऊन उभे राहा. नसेल तर न्यूट्रलमध्ये इंजिन चालू ठेवा, फ्यूज बसवा, पंखा तेल निववेल. आणि पुढे वहिनी चालवेल. तिला येतं.

औषधवाल्याकडून मी पायथ्याच्या पोस्टात फोनही करवलाय. पोस्टमास्तर म्हणाले, पत्र वाचल्याशिवाय निघू नका, एवढा निरोप नक्की देतो.

मला तुमच्याशिवाय आता कोण आहे?

ठमी


२६ एप्रिल

वन्सं,

आम्ही दोघं जिवंत आहोत. हे आधी लिहिते, मग बाकीचं.

तेवीसला हेच पोस्टात गेले होते. आले आणि म्हणाले, काही आलेलं नाही. चोवीसला सकाळी निघालो. पहिली वळणं बरी गेली. मी विणत होते. मग कसलातरी करपल्याचा वास यायला लागला. मी म्हटलं, शेगडी बंद केली होती ना? हे मान पुढे काढून, डोळे बारीक करून चालवत होते. एका वळणाला गाडी हिसका बसून कलली आणि टोपी खाली पडली.

काटा लाल रंगाच्या शेवटाला टेकला होता, वन्सं. मी ह्यांच्याकडे बघितलं. ह्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. मी ओरडले, थांबवा! म्हणाले, थांबायला जागा कुठे आहे? समोर दाराएवढी पाटी होती, गाड्या उभ्या करण्याची जागा, बाण काढलेला. मी म्हटलं, ही काय पाटी! तर हे म्हणाले, "कुठली पाटी?"

डाव्या बाजूला दरी होती आणि ह्यांना पाटी दिसत नव्हती. मी हळू आवाजात, आंधळ्याला हाताला धरून न्यावं तसं सांगत गेले, थोडं उजवीकडे, आणखी, आता ब्रेक. गाडी थांबली. मी खाली उतरून वाकून बघितलं. धूर नव्हता, गळत नव्हतं, पण उष्णतेने गाडीखाली हात घालवत नव्हता.

वर आले तर हे खिशातून तुमचं पत्र काढून बसले होते. न उघडलेलं. पोस्टमास्तरांनी निरोपासकट दिलं होतं. मी विचारलं, का हो, वाचलं का नाही? म्हणाले, "वाचलं असतं तर थांबावं लागलं असतं."

मीच मोठ्याने वाचलं. ह्यांच्या लपवाछपवीचं वाचताना माझा आवाज चढला, आणि फ्यूजपाशी आल्यावर बसला. कुणी कुणाला बोलायचं? मी बटणांची डबी काढली, ह्यांनी फ्यूज चाचपून बसवला. पंखा असा सुरू झाला की दोघंही दचकलो. काटा खाली येईपर्यंत आम्ही कठड्यावर बसून राहिलो. मी रडले. ह्यांनी माझ्या हातावर हात ठेवला आणि म्हणाले, चल, परत फिरू. पण पायथ्याला औषध नव्हतं आणि दवाखाना पलीकडे होता. मी म्हटलं, सरका.

बटण बंद, लिव्हर दोनवर. इंजिन घाटभर बोंबलत होतं. हे कानांवर हात ठेवून बसले होते, पण बटणाला शिवले नाहीत. काटा मध्यावर राहिला. माथ्यावर पोचलो तेव्हा ह्यांनी विचारलं, "काय दिसतंय?"

वन्सं, खरं सांगू? काही नव्हतं. उघडी टेकडी, दगडाची खाण, धूळ, खाली पत्र्याची घरं. तीस वर्षं या माणसाने वाट बघितली आणि पलीकडे खाण होती. हे धूसर डोळ्यांनी समोर बघत होते. मी म्हटलं, "नदी आहे. मोठी, वळण घेत गेलेली. काठाला झाडी आहे." ह्यांनी मान हलवली. म्हणाले, मला वाटलंच होतं.

दवाखान्यात नवीन औषध सुरू झालं. डॉक्टर रागावले, दोघांवरही. साखर उतरली की डोळे हळूहळू निवळतील म्हणाले. तोवर इथेच मुक्काम. डोळे निवळले की त्या नदीचं मी काय करू ते मात्र समजत नाही. ह्यांना एवढं सांगू नका.

तुमची वहिनी


१४ मे

ठमे,

अक्षर मोठं आहे, पण बघ, ओळ सरळ आहे. साखर ताब्यात आली. तुझं पत्र खिशात घालून घाट चढलो, त्याबद्दल मी काय बोलू? त्या वळणावर तुझ्या वहिनीचा आवाज नसता तर आज हे लिहायला मी नसतो. तिला मी तसं सांगितलं. ती म्हणाली, फ्यूज माझ्याच डबीत होता की. आता मागची बॅटरी नवीन घातलीय. पंखाही चालतो, फ्रिजही चालतो, आणि गाडी तीच चालवते.

एक गोष्ट फक्त तुला. इथे नदी नाही.

मला पहिल्याच दिवशी कळलं होतं, पाण्याचा आवाज कुठेच नव्हता. आमची गाडी उभी आहे तिथे दिवसातून दोनदा एक बस येते. मला नीट दिसत नव्हती, पण आवाज ऐकू आला. पुढे, मागे, कंडक्टरची शिट्टी, परत पुढे. ठमे, इथे बस वळवतात. या बाजूलाही एक ड्रायव्हर आहे, तो पायथ्यापर्यंत येतो आणि परत जातो. आता डोळे निवळल्यावर मी त्याला जाऊन भेटलो. तो घाटाकडे बोट दाखवून मला विचारत होता, पलीकडे काय आहे हो? मी म्हटलं, छान चौक आहे, चहा चांगला मिळतो.

रोज संध्याकाळी तुझी वहिनी दोन खुर्च्या मांडते आणि मला नदी सांगते. कालपासून नदीत होडीही आलीय. मी तिला म्हटलंय की जवळचं स्वच्छ दिसतं, लांबचं अजून पुसट आहे. खाण मला अगदी स्पष्ट दिसते. पण मी खाणीकडे बघतच नाही, तिच्याकडे बघतो. तिला हे सांगू नकोस. शपथ घालत नाही, तुझ्या शपथेवरचा भरवसा उडालाय माझा.

दादा


१९ मे

दादा आणि वहिनी,

दोघांचीही पत्रं पोचली. दोन्ही वाचली, दोन्ही फाडली.

फ्यूजच्या पेटीत हात घालायचा तर दोघांनी मिळून घालायचा. टोपी डोक्यावर घालायची. औषधाची बाटली रोज दोघांनी उजेडात धरून बघायची. या तीन गोष्टींत कुणी काही लपवलं तर मी पुन्हा दोघांनाही सगळं सांगून टाकीन, याद राखा.

बाकीचं तुमचं तुम्ही बघा. वहिनी, ती नदी रोज सांगत जा. दादा, नीट ऐकत जा. मला कुणी काही विचारू नका. मला काही ऐकू येत नाही.

ठमी